आरएनए-सेकमधून ट्रान्सपोझॉनचं एक्सप्रेशन मोजताय? आधी रीड कुणाच्या प्रमोटरवरून आला ते बघा

ट्रान्सपोझॉन किंवा टीई म्हणजे जीनोममध्ये एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणारे, किंवा कधीकाळी मारलेले, डीएनएचे तुकडे. रीड म्हणजे सीक्वेन्सरने वाचलेला एक छोटा तुकडा, आणि प्रमोटर म्हणजे जिथून ट्रान्सक्रिप्शन सुरू होतं तो भाग. एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आतड्याच्या कॅन्सरची एचसीटी-११६ ही सेल लाइन, तिला डेसिटाबिन हे औषध दिलंय, तीन ट्रीटेड आणि तीन कंट्रोल. टोटल आरएनए काढून त्यातला राइबोसोमल आरएनए वजा केलाय आणि ७५ बेसचे पेअर्ड-एन्ड रीड घेतलेत. स्टारने (रीड जीनोमवर बसवणारं टूल) डिफॉल्ट सेटिंगवर अलाइन केलं, रिपीटमास्करच्या (जीनोममधल्या रिपीटच्या) यादीची जीटीएफ (कुठला भाग कुठे आहे ते सांगणारी फाइल) बनवून फीचरकाउंट्सला (रीड मोजणारं टूल) दिली आणि पुढे डीईसेक-टू (दोन गटांतला फरक काढणारं टूल) चालवलं. निकालात एल-टू, एमआयआर, जुने ॲलू असे टीईचे जुने प्रकार सगळे वर गेलेले दिसतायत आणि एल-वन-एचएस, म्हणजे माणसातला सगळ्यात तरुण एल-वन, त्यात काहीच हालचाल नाही. विचारणाऱ्या ताई म्हणतात, याचा अर्थ काय लावू आणि कुठलं टूल वापरायला हवं होतं. पुढे आरटी-क्यूपीसीआरने पडताळणी करायचीय, आणि परत सीक्वेन्सिंगला थोडे पैसे आहेत तर लाँग रीड घ्यावेत का, हेही त्यांनी विचारलंय.

टूलचं सांगते, पण त्याआधी हा निकाल नीट बघा, कारण जे अपेक्षित असतं त्याच्या बरोबर उलटा आलाय हा. डेसिटाबिन डीएनए मिथाइलेशन काढून टाकतं, आणि मिथाइलेशनने दाबून ठेवलेले असतात ते मुख्यतः तरुण टीई, ज्यांचा स्वतःचा प्रमोटर अजून शाबूत आहे, म्हणजे तरुण एल-वन आणि काही ईआरव्ही (जीनोममध्ये रुजलेले जुने व्हायरस). एल-टू आणि एमआयआर हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे अवशेष आहेत, त्यांच्याकडे चालू व्हायला बहुतेक ठिकाणी काही उरलेलंच नाही. मग मेलेले उठले आणि जिवंत झोपून राहिले असं दिसतंय तर पहिला संशय पाइपलाइनवर घ्यायचा, बायोलॉजीवर नाही.

आणि तुमच्या पाइपलाइनमध्ये तो झोल स्पष्ट दिसतोय, दोन ठिकाणी. पहिली जागा स्टार. त्याची डिफॉल्ट मर्यादा अशी की रीड १० पेक्षा जास्त जागी बसत असेल तर तो अलाइन झालाच नाही असं धरायचं. माणसाच्या जीनोममध्ये एल-वनच्या ५ लाखांच्या आसपास कॉप्या, ॲलूच्या १० लाखांच्या वर. यातल्या जुन्या कॉप्यांमध्ये इतके म्युटेशन साचलेत की ७५ बेसच्या रीडलासुद्धा आपली जागा एकमेव सापडते, पण एल-वन-एचएसच्या कॉप्या एकमेकींशी जवळजवळ तंतोतंत सारख्या, त्यामुळे त्यांचा रीड पन्नास जागी बसतो आणि स्टार त्याला बाहेर फेकतं. दुसरी जागा फीचरकाउंट्स, जे डिफॉल्टला मल्टीमॅप झालेले रीड मोजतच नाही. म्हणजे दोन जागी बसणारा रीड स्टारमधून वाचला तरी इथे गेला. बऱ्याच लॅबमध्ये मध्येच मॅपक्यू (रीड त्याच जागचा असल्याच्या खात्रीचा आकडा) ३० च्या खालचे रीड काढून टाकायची पण सवय असते, तीही इथे घातक, कारण स्टार दोन जागी बसणाऱ्या रीडलाच मॅपक्यू ३ देतं. तेव्हा एल-वन-एचएसमध्ये हालचाल नाही असं तुमचा डेटा म्हणत नाहीये, तो डेटा तुम्ही बघितलाच नाहीये.

यावरचा उपाय सोपा आहे. स्टारमध्ये आउट-फिल्टर-मल्टीमॅप-एनमॅक्स आणि विन-अँकर-मल्टीमॅप-एनमॅक्स हे दोन्ही पॅरामीटर १०० करा, दोन्ही एकदमच वाढवा, नुसता पहिला वाढवला तर अँकरची मर्यादा आडवी येते. वेळ आणि मेमरी जास्त लागेल, बॅम फाइल (अलाइन झालेल्या रीडची) फुगेल, चालायचंच.

आता मल्टीमॅप रीड आत आले, मग ते वाटायचे कसे? इथे टूलचा प्रश्न येतो. समजा पाकिटावर नुसतं 'पाटील, कोल्हापूर' लिहिलंय. पोस्टमन काय करेल, ज्या पाटलांना पूर्ण पत्त्याची पत्रं रोज ढिगाने येतात त्यांच्याकडे असली अर्धवट पत्रं जास्त जात असणार असं धरेल, तसं वाटप करेल, मग नव्या वाटपावरून अंदाज परत सुधारेल. टीई-ट्रान्सक्रिप्ट्स, टीई-लोकल, टेलिस्कोप, स्क्वायर ही सगळी टूल्स कमीअधिक फरकाने हेच करतात, ज्याला ईएम अल्गोरिदम म्हणतात. फरक मुख्यतः कुठल्या पातळीवर आकडा देतात त्याचा आहे. टीई-ट्रान्सक्रिप्ट्स, जे २०१५ ला आलं, ते सबफॅमिलीचा एकूण आकडा देतं, म्हणजे सगळे एल-वन-एचएस मिळून किती. टीई-लोकल आणि टेलिस्कोप एकेका कॉपीचा, म्हणजे लोकसचा आकडा देतात.

तुमच्या प्रश्नाला आधी सबफॅमिलीची पातळी घ्या. डेसिटाबिनने तरुण टीई चालू होतात का एवढंच विचारायचं असेल तर तो आकडा ५ लाख लोकसच्या आकड्यांपेक्षा कितीतरी भरवशाचा असतो, कारण रीड एल-वन-एचएसच्या कुठल्या कॉपीचा हे नक्की नसलं तरी तो एल-वन-एचएसचाच आहे हे बहुतेक वेळा नक्की असतं. खरं सांगायचं तर या पातळीवर ईएमसुद्धा लागतोच असं नाही. स्टारला सांगा की मल्टीमॅपमधून रँडम एकच जागा निवडून लिही, आणि फीचरकाउंट्सला मल्टीमॅप मोजायचा -एम पर्याय द्या (हे विसरू नका, बॅममध्ये एकच ओळ असली तरी एनएच टॅगमध्ये रीड किती जागी बसला ती खरी संख्या लिहिलेली असते, ती बघून फीचरकाउंट्स रीड सोडून देतं), आणि सबफॅमिलीनुसार बेरीज करा. टीई-ट्रान्सक्रिप्ट्सशी फार फरक निघणार नाही, आणि निघालाच तर कुठे निघतोय ते शोधणं हेच शिकण्यासारखं असतं.

लोकसच्या पातळीवर मात्र सावध राहा. ईएम नेहमी आकडा देतो. जिथे दोन कॉप्या त्या रीडच्या लांबीत शंभर टक्के सारख्या आहेत, जिथे वेगळं ओळखायला काही पुरावाच नाहीये, तिथेही देतो, आणि तो आकडा दिसायला बाकीच्यांसारखाच नेटका असतो. म्हणून माझा नियम असा की लोकसचा दावा करायचा तर शेजारच्या कॉलममध्ये त्या लोकसचे फक्त युनिक रीड किती ते ठेवायचे, आणि युनिक शून्य असतील तर त्या लोकसबद्दल बोलायचं नाही, ईएमने २०० रीड दिले असले तरी नाही. शिवाय तुमच्या पेशीत असलेल्या पण रेफरन्स जीनोममध्ये नसलेल्या कॉप्या असतात, तरुण एल-वनमध्ये तर माणसागणिक फरक असतो, त्यांचे रीड जवळच्या नातेवाईक कॉपीच्या नावावर जमा होतात आणि कुठलंही टूल ते ओळखू शकत नाही कारण त्याच्या यादीत ती कॉपीच नाहीये.

इथवर मोजणीचं झालं. पण माझं खरं म्हणणं पुढे आहे, आणि मी रिव्ह्यू करते त्यातले बरेचसे पेपर याच जागी अडकतात. टीईवर रीड बसला म्हणजे तो टीई एक्सप्रेस झाला असं नाही. माणसाच्या जीनोमचा जवळपास निम्मा भाग टीईचा आहे, आणि जीन्सचे इंट्रॉन (स्प्लाइसिंगमध्ये कापून टाकले जाणारे भाग) त्यांनी भरलेले आहेत. जीन चालू झालं की पॉलिमरेज पूर्ण इंट्रॉन वाचत जातो, त्यातले ॲलू, एल-टू, एमआयआर, अर्धेमुर्धे एल-वन सगळे प्री-एमआरएनएमध्ये आपसूक येतात. पॉली-ए निवडून केलेल्या लायब्ररीत हे बरंच कमी दिसतं (तिथेही इंट्रॉनमधल्या ॲलूच्या ए-शेपटीला ऑलिगो-डीटी चिकटतो, सिंगल-सेलच्या थ्री-प्राइम डेटात हा त्रास फार आहे), पण तुमची लायब्ररी राइबो-डिप्लिटेड टोटल आरएनएची आहे, म्हणजे अर्धवट स्प्लाइस झालेला सगळा माल त्यात आहे. ड्रगने हजारो जीन्सचं ट्रान्सक्रिप्शन हललं किंवा स्प्लाइसिंग जरा मंदावलं की इंट्रॉनचे रीड वाढणार, आणि त्याबरोबर एल-टू, एमआयआर, ॲलू सगळे एकसाथ, एकाच दिशेने, थोडे थोडे वाढलेले दिसणार. तुमच्या निकालाचं चित्र हुबेहूब हेच आहे. दहा वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या जुन्या फॅमिली सारख्याच प्रमाणात वर गेल्या तर ते दहा प्रमोटर चालू झाल्याचं लक्षण नसतं, ते इंट्रॉन वाढल्याचं असतं.

हे तपासायला तीन-चार गोष्टी करा, सगळ्या आहे त्याच डेटातून होतात. एक्झॉन, इंट्रॉन आणि जीन्सच्या बाहेरचा भाग यात रीडचं प्रमाण प्रत्येक सॅम्पलमध्ये काढा. ट्रीटेडमध्ये इंट्रॉनचं प्रमाण वाढलेलं असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. मग प्रत्येक टीई लोकसला वर्ग द्या, एक्झॉनमध्ये आहे, इंट्रॉनमध्ये जीनच्याच दिशेने आहे, इंट्रॉनमध्ये उलट दिशेने आहे, का जीन्सपासून लांब आहे, आणि बदल या वर्गांमध्ये वेगवेगळा काढा. जीनच्या दिशेने असलेलेच वाढलेत आणि लांबचे हललेच नाहीत तर समजायचं काय ते. अर्थात हे करायला लायब्ररी स्ट्रँडेड (आरएनएची दिशा राखणारी) हवी आणि टूलला कुठली दिशा ते बरोबर सांगायला हवं, डीयूटीपी पद्धतीची असेल तर रिव्हर्स, हे चुकलं तर सेन्स आणि अँटिसेन्सची पूर्ण अदलाबदल होते आणि निकाल तरीही पटण्यासारखा दिसतो!

जीन्सपासून लांब म्हणजे किती लांब, हा पण प्रश्न आहे. पेशीवर ताण आला की पॉलिमरेज जीनच्या शेवटाला थांबत नाही, कित्येक हजार बेस पुढे वाचत जातो. उष्णतेच्या ताणात, ऑस्मोटिक ताणात, व्हायरसच्या संसर्गात हे नीट दाखवलं गेलंय. ड्रग दिलेल्या पेशीही ताणाखाली असू शकतात, म्हणून मी जीनच्या शेवटानंतरचा बराच पट्टा वेगळा काढते आणि तिथल्या टीईवर विश्वास ठेवत नाही.

सगळ्यात उपयोगी तपासणी मात्र ही: टीईच्या आधीचा एक हजार बेसचा भाग बघा. रीडचं कव्हरेज तिथूनच सलग चालत आत येत असेल तर टीई प्रवासी आहे, त्याने काही सुरू केलेलं नाही. कव्हरेज टीईच्या आतच अचानक सुरू होत असेल, एल-वन असेल तर फाइव्ह-प्राइम यूटीआरमध्ये (त्याच्या सुरुवातीच्या भागात), ईआरव्ही असेल तर एलटीआरमध्ये (त्याच्या टोकाच्या रिपीटमध्ये), तर तो स्वतःच्या प्रमोटरवर चालतोय असं म्हणायला जागा आहे. एल-वनबाबत हे विशेष लागू, कारण पूर्ण लांबीचा एल-वन सुमारे ६ हजार बेसचा असतो पण बहुतेक कॉप्या पुढून तुटलेल्या आहेत, नुसता थ्री-प्राइम तुकडा उरलाय, त्यांच्याकडे प्रमोटरच नाही. अजून उडी मारू शकतील अशा कॉप्या एका माणसाच्या जीनोममध्ये ८० ते १००. तेव्हा 'एल-वन वाढला' असं लिहिण्याआधी पूर्ण लांबीच्या कॉप्या वेगळ्या काढून त्यांच्या फाइव्ह-प्राइम टोकाला रीड वाढलेत का ते बघितलंच पाहिजे. एल-वन-ईएम नावाचं टूल हाच भेद मॉडेलमध्ये घालतं, स्वतःच्या प्रमोटरवरून आलेलं आणि बाजूने वाहून आलेलं वेगळं करतं, तुमच्यासाठी ते लावून बघण्यासारखं आहे. आणि आयजीव्हीमध्ये (रीड जीनोमवर दाखवणारं सॉफ्टवेअर) डोळ्यांनी बघा. वर गेलेले पहिले तीसेक लोकस उघडून एकेक बघायला एक दुपार जाते, पण त्या दुपारी जे समजतं ते कुठल्याच टेबलात नसतं.

ॲलूबद्दल वेगळं सांगायला हवं. ॲलू मुळात ७-एसएल आरएनएपासून निघालाय, आणि ७-एसएल पेशीत अमाप असतो. राइबो-डिप्लीशनमध्ये तो जात नाही, त्याचे तुकडे ॲलूवर जाऊन बसतात. म्हणून ७-एसएल जीन्स आणि त्यांची स्यूडोजीन्स (निकामी नकला) अनोटेशनमध्ये आहेत ना बघा आणि ते रीड आधी वेगळे काढा. रिपीटमास्करच्या यादीत टीईसोबत साधे रिपीट, टीआरएनए, एसएनआरएनए, आरआरएनए हेही असतात, ते काढलेत का? जीटीएफ स्वतः बनवलीय म्हणालात म्हणून विचारते. टीई-ट्रान्सक्रिप्ट्सच्या लोकांनी तयार जीटीएफ दिलेल्या आहेत, त्या वापरल्या तर यातला बराच ताप वाचतो. शिवाय ॲलूमध्ये एडार हे एन्झाइम ए चे आय करतं, सीक्वेन्सरला तो जी दिसतो, खूप एडिट झालेला रीड मिसमॅचच्या मर्यादेत बसत नाही आणि गळतो. इंटरफेरॉन वाढलं की एडार वाढतं, आणि डेसिटाबिनने इंटरफेरॉन वाढतंच, म्हणजे ही गळती दोन्ही गटांत सारखी नसणार हे लक्षात ठेवा.

आता एक गोष्ट जी माझ्याच म्हणण्याच्या थोडी आड येते, पण सांगायला हवी. प्रवासी असलेला टीई बिनमहत्त्वाचा असतो असं अजिबात नाही. २०१५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की मिथाइलेशन काढणाऱ्या औषधांनी ईआरव्ही चालू होतात, त्यातून डबल-स्ट्रँडेड आरएनए तयार होतो आणि पेशीला व्हायरस आल्यासारखं वाटून इंटरफेरॉनचा मार्ग चालू होतो. त्यातल्या एका गटाचं काम आतड्याच्या कॅन्सरवरच होतं, म्हणजे तुमच्या अगदी जवळचं. मग २०२० मध्ये दाखवलं गेलं की त्या डबल-स्ट्रँडेड आरएनएचा मोठा स्रोत उलटसुलट जोडीने बसलेले ॲलू आहेत, आणि हे ॲलू स्वतःच्या प्रमोटरवर चालत नाहीत, दुसऱ्याच ट्रान्सक्रिप्टमध्ये ओढले जातात. म्हणजे रीड कुठून आला हे शोधून झाल्यावर जे हातात येतं ते टाकून द्यायचं नसतं, फक्त त्याला त्याचं खरं नाव द्यायचं. 'ॲलूचं ट्रान्सक्रिप्शन चालू झालं' हे एक वाक्य आणि 'ॲलू असलेले इंट्रॉन जास्त टिकतायत' हे दुसरं, दोन्हींचे पुढचे प्रयोग पूर्ण वेगळे आहेत. याच औषधांनी एलटीआर-१२ फॅमिलीचे एलटीआर प्रमोटर म्हणून उघडतात आणि शेजारच्या जीन्सचे नवीनच ट्रान्सक्रिप्ट सुरू होतात हेही माहीत आहे, त्यामुळे तुमच्या डेटात एलटीआर-१२-सी आवर्जून बघा. तिथे फॅमिलीच्या आकड्यापेक्षा एलटीआरमधून जीनच्या एक्झॉनवर उडी मारणारे स्प्लाइस रीड हा जास्त ठोस पुरावा असतो, आणि स्टार ते जंक्शनच्या फाइलमध्ये आयतेच देतं.

नॉर्मलायझेशन. टीईचे काउंट एकटे डीईसेक-टूला देऊ नका. जीन्स आणि टीई एकाच मॅट्रिक्समध्ये ठेवा, साइझ फॅक्टर जीन्सवरून निघू द्या. एकटे टीई दिले आणि खरंच सगळे वर गेलेले असले तर नॉर्मलायझेशन तो बदल पुसून टाकतं, मध्यालाच शून्य मानतं ना ते. टीई-ट्रान्सक्रिप्ट्स जीन्स आणि टीई एकत्रच मोजतं म्हणून तिथे हा प्रश्न आपोआप सुटतो. त्याला बॅम देताना एकच काळजी, रीड नावाने एकत्र असलेली फाइल द्या, कोऑर्डिनेटने सॉर्ट केलेली असेल तर तसा पर्याय सांगावा लागतो.

डीएनएची भेसळ हा मुद्दा लोक हलक्यात घेतात. आरएनएमध्ये जीनोमिक डीएनए जरासा राहिला तर जीन्सवर त्याचा परिणाम दिसतही नाही, कारण एक्झॉन म्हणजे जीनोमचे जेमतेम काही टक्के, पण टीई निम्मा जीनोम आहे, जवळपास निम्मी भेसळ तिकडे जमा होते. ओळखायची कशी, तर जीन्सपासून लांब, टीई नसलेल्या भागातही सारखं पसरलेलं पातळ कव्हरेज दिसतं, आणि स्ट्रँडेड लायब्ररीत दोन्ही दिशांना सारखंच. ट्रीटेड सॅम्पल वेगळ्या दिवशी, वेगळ्या किटने काढलेले असतील तर हे नक्की तपासा. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) दिलं होतं का, हे तुमच्या वर्णनात नाहीये.

आरटी-क्यूपीसीआरने पडताळणी करायची म्हणालात, तिथेही हेच. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेला कंट्रोल प्रत्येक सॅम्पलला हवाच, एल-वनसाठी तर त्याशिवायचा आकडा मी मानणार नाही, कारण प्रायमरला जीनोममध्ये हजारो जागा तयार आहेत. प्रायमर फाइव्ह-प्राइम यूटीआरमध्ये घ्या, ओआरएफ-२ (एल-वनचा शेवटाकडचा प्रोटीन बनवणारा भाग) च्या शेपटीत घेतलात तर परत तेच तुटलेले तुकडे मोजाल. अँटिबॉडी मिळत असेल तर ओआरएफ-१ प्रोटीनचा वेस्टर्न करा, तो एल-वनचा आरएनए ट्रान्सलेट झाल्याचा सरळ पुरावा आहे.

मका, गहू अशा पिकांवर काम करणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्याकडे टीई ८० टक्क्यांच्या वर असतात आणि खरी अडचण अनोटेशनची असते, माणसासाठी बनवलेल्या यादीसारखी तयार यादी मिळत नाही, त्यामुळे मोजणीच्या आधी तिथे वेळ घालवावा लागतो. इंट्रॉन, दिशा आणि भेसळ यांच्या तपासण्या मात्र जशाच्या तशा लागू.

शेवटचा प्रश्न होता की परत सीक्वेन्सिंग करायला थोडे पैसे आहेत तर लाँग रीड घ्यावेत का. नॅनोपोर किंवा पॅकबायोचा एक रीड टीई ओलांडून शेजारच्या युनिक भागापर्यंत जातो म्हणून तो कुठल्या कॉपीचा हा वाद बराच मिटतो, आणि ट्रान्सक्रिप्ट कुठे सुरू झाला तेही दिसतं, पण ६ हजार बेसचा एल-वन पूर्ण उतरण्याआधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज बऱ्याचदा मध्येच सुटतं, आणि अर्धवट उतरलेला रीड पुढून तुटलेल्या कॉपीसारखाच दिसतो. सध्या तुमच्या जागी मी आधी आहे तोच डेटा १०० च्या मर्यादेने परत अलाइन करेन, वर सांगितलेल्या तपासण्या करेन. त्यात एल-वन-एचएस किंवा एलटीआर-१२-सी खरंच स्वतःच्या प्रमोटरवर चढलेला दिसला तरच एक ट्रीटेड आणि एक कंट्रोल लाँग रीडवर टाकेन, आणि उरलेल्या पैशात शॉर्ट रीडचे रेप्लिकेट वाढवेन, १५० बेसचे, पेअर्ड-एन्ड, स्ट्रँडेड, डीएनेज दिलेल्या आरएनएचे.